बेपत्ता जावयाचं वाण

१

तिसऱ्या खेपेलाही चहा गरम होता आणि नवरा गायब.

जे. पी. नगरातल्या सुहासच्या घरात टीपॉयवर दोन कप होते. एक रिकामा, दुसऱ्यातून वाफ निघत होती. शलाकानं सरळ त्यात बोट बुडवून पाहिलं. लाजायचं काय त्यात? जी बाई वर्षभर स्वतःच्या नवऱ्याच्या हातात घटस्फोटाचं समन्स ठेवायला अख्खं बंगळूर पालथं घालतेय, तिला परक्याच्या कपात बोट घालायची कसली आलीय लाज!

"वहिनी, सीरियसली, दुसरा कपही माझाच आहे," सुहास म्हणाला. हा तिच्या नवऱ्याचा, क्षितिजचा, नागपूरपासूनचा मित्र. "मला चहा जरा जास्त लागतो."

"एकदम दोन कपांत?"

"एक गार होईस्तोवर दुसरा."

असल्या थापेला उत्तर द्यायचं म्हणजे आपलीच जीभ विटाळायची. दारात कोर्टाचा बेलीफ नंजप्पा उभा होता. त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि समन्सच्या पाठीवर लिहायला पेन काढलं. काय लिहिणार ते शलाकाला पाठ झालं होतं. मागच्या दोन्ही खेपांना तेच लिहिलं होतं, इसम पत्त्यावर आढळला नाही.

पहिल्या खेपेला मारतहळ्ळीचा फ्लॅट. दाराला कुलूप, आणि वॉचमन म्हणाला, "साहेब आत्ताच बॅग घेऊन गेले." दुसऱ्या खेपेला ऑफिस. तिथं तो लिफ्टनं खाली आणि ही दुसऱ्या लिफ्टनं वर. आता हे. एकदा चुकला तर नशीब म्हणावं, दोनदा चुकला तर योगायोग. तिसऱ्यांदा गरम चहा सोडून माणूस उठतो, तेव्हा त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं.

समन्स हातात पडल्याशिवाय खटला इंचभर पुढे सरकत नव्हता. ते हातोहातच दिलं जावं, असा न्यायाधीशांचा हुकूम होता. पेपरात नोटीस देऊन एकतर्फी निकाल घ्यायचा, तर वकीलबाई म्हणायच्या, "उद्या तो उगवेल, 'मला कळलंच नव्हतं' म्हणेल आणि सगळं मुळापासून सुरू." आणि शलाकाला तेवढा वेळ नव्हता. तिला मूल दत्तक घ्यायचं होतं. लग्न कागदावर आहे तोवर नवऱ्याच्या संमतीशिवाय अर्ज होत नाही, आणि एकटीनं करायचा तर लग्न मोडलेलं हवं. त्यात वय वाढलं की तान्हं बाळ देत नाहीत. चाळिशी दारात येऊन उभी होती. रात्री डोळा लागायचा नाही, दिवसा पाय एका जागी ठरायचे नाहीत, अशी तिची गत झाली होती.

सुहासच्या घराच्या पायऱ्या उतरताना फोन वाजला. क्षितिजचा मेसेज, तिला आणि वकीलबाईंना एकदमच. बाल्कनीतून दिसणाऱ्या उंच इमारतींचा फोटो आणि खाली एक ओळ. "मी कायमचा दुबईला आलोय, यापुढचा पत्रव्यवहार इकडच्या पत्त्यावर करावा."

लगेच वकीलबाईंचा फोन आला. "शलाका, हे खरं असेल तर कठीण आहे. परदेशातलं समन्स दिल्लीहून, मंत्रालयामार्फत जातं. वर्ष जाईल, दोन जातील."

शलाका तिथंच पायरीवर बसली. गरम चहा टाकून दुबईला कोण जातं?

२

प्रतिमाअक्का जयनगरात शलाकाच्या आईच्या घरासमोर राहायची. सरकारी कारखान्याच्या दक्षता विभागातून निवृत्त झालेली, बिनलग्नाची, स्पष्ट बोलणारी. कारखान्यातलं पितळ, तांबं आणि थापा कुठल्या फाटकातून बाहेर जातात हे शोधण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. शलाकाचे बाबा त्याच कारखान्यात इंजिनियर. ते गेल्यावर अक्काच घरातली मोठी झाली होती.

"अक्का, तो दुबईत आहे का इथंच, एवढंच शोधून दे मला."

"स्वल्प थांब. बस आधी." अक्कानं तिला खुर्चीत दाबून बसवलं. "तो कुठंय ते नंतर. त्याला सांगतं कोण, ते आधी. तिन्ही वेळा आपण जाणार हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"वकीलबाईंना. ईराला. आईला."

"ईरा म्हणजे तुझ्या ऑफिसातली?"

ईराच. आणि तिचा संशय शलाकालाही आला होता, खोटं कशाला बोला! ईरा पूर्वी क्षितिजच्या टीममध्ये होती आणि त्या जुन्या ग्रुपवर अजूनही होती. हातात सदा फोन. अक्कानं तिला त्याच संध्याकाळी बोलावून घेतलं, फिल्टर कॉफी पुढ्यात ठेवली आणि उलटतपासणी सुरू केली.

"क्षितिजशी बोलतेस?"

"ग्रुपवर हॅपी बर्थडे, बस्स. मावशी, अहो, सुहासच्या गल्लीत त्याची कार मीच पाहिली! मीच शलाकाला सांगितलं. मला त्याला वाचवायचं असतं तर मी कशाला सांगितलं असतं?"

"सांगायचं आणि मग त्यालाही सावध करायचं. दोन्हीकडून बरी राहतेस."

ईराचे डोळे भरले. शलाकाला कसनुसं झालं, पण अक्का ढिम्म.

"ऑफिसात गेलो त्या दिवशी कुठं होतीस?"

"पुण्यात. ताईचं डोहाळजेवण होतं."

"आणि शलाका, ऑफिसात त्या दिवशी जायचं कधी ठरलं होतं?"

शलाका आठवू लागली. "ठरलं होतं दुसऱ्या दिवशी. पण सकाळी वकीलबाईंचा फोन आला, बेलीफ आजच मोकळा आहे. मी डायनिंग टेबलावरच 'येते' म्हटलं आणि तशीच उठून गेले. ईराला कळवायला सुचलंच नाही. रात्री सांगितलं."

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाली. "म्हणजे ईरा सुटली. सुहासला पहिल्या दोन खेपांचं काही माहीत असायचं कारणच नाही, तोही सुटला. तो नुसता लपवणारा. खबर देणारा वेगळा."

"मग उरल्या वकीलबाई!" शलाका ताडकन उठली. "मी आत्ता फोन करते."

"दोन नावं उरली," अक्का शांतपणे म्हणाली. "तू एकच घेतलंस."

३

आई? छे! शलाकाला हसू आलं आणि रागही. रस्ता ओलांडून ती घरी आली तेव्हा दारापर्यंत तुपाचा वास पसरला होता.

आई, म्हणजे सुचेताबाई, ओट्याशी उभ्या होत्या. गुडघे कुरकुरत होते तरी उभ्याच. अधिक महिना चालू होता, धोंड्याचा महिना, तीन वर्षांनी एकदा येणारा. पोळपाटावर केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर खसखस पसरलेली. त्या पिठाची गोळी घेऊन खसखशीवर हलक्या बोटांनी थापत होत्या आणि मंद तुपात सोडत होत्या. पहिलाच अनारसा तुपात हसला, म्हणजे विरघळून पसरला, तशा त्या पुटपुटल्या, "बाई गं, आजच हसायचं होतं का तुला?"

ओट्याच्या कडेला तांब्याचं नवं ताट, चांदीचं निरांजन आणि पुरुषाच्या शर्टाचं कापड होतं.

"आई, हे कुणासाठी?"

सुचेताबाईंचा हात क्षणभर थांबला. "कुणासाठी म्हणजे? जावयाचं वाण आहे. तेहेतीस अनारसे आणि दिवा."

"कुठला जावई? मी त्याला सोडतेय आई! वर्षभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवतेय मी!"

"कागदावर अजून आहे ना? तोवर माझा जावई आहे. कर्तव्य चुकवायचं नाही बाई मला. त्या शेजारच्या कामतांचा मल्हार शनिवारी दुबईला चाललाय, त्याच्याबरोबर धाडणार आहे. कस्तुरीला नाही का धाडत मी दर दिवाळीला शारजाला, तसंच."

कस्तुरी म्हणजे शलाकाची मावशी. मुलीनं टाकलेल्या माणसाला तळून तळून खाऊ घालायची ही कसली हौस! ती पाय आपटत खोलीत गेली. मुलाचं आईला सांगावं असं शंभरदा मनात आलं होतं. पण आई म्हणणार, "नवऱ्याशिवाय पोर? लोक काय म्हणतील?" म्हणून ती गोष्ट फक्त अक्काला आणि ईराला माहीत होती.

थोड्या वेळानं अक्काचा आवाज आला. ती आगंतुकासारखी स्वयंपाकघरात शिरली होती.

"काय सुचेता, कज्जाय चाललेत का?"

"कज्जाय नव्हे हो अक्का, अनारसे. तुमच्या कन्नड शेजारणींच्या संगतीनं तुम्ही मराठी विसरलात."

"एक दे बघू चाखायला. वाणातला नको, तो हसलेला दे."

अक्कानं तो तुकडा उलटसुलट करून पाहिला, दाताखाली कुरकुरवला, "झकास झालाय गं," म्हणाली आणि शलाकाच्या खोलीत येऊन दार लोटून घेतलं. चेहऱ्यावर झकास असं काहीही नव्हतं.

"शलू, तुझा नवरा दुबईत नाही. आणि खबर देणारीचं नावही कळलं मला."

४

"दर दिवाळीला कस्तुरीचे अनारसे आई कशावर थापते?" अक्कानं विचारलं.

"कशावर म्हणजे... तिचे वेगळे असतात. रव्यावर."

"का?"

शलाका बोलायला गेली आणि तोंड उघडंच राहिलं. लहानपणापासून ऐकलेलं होतं. पहिल्या वर्षी मावशीनं फोनवर ओरडून सांगितलं होतं, "ताई, खसखस चुकूनही नको! इकडे बंदी आहे तिच्यावर, विमानतळावरच धरतात!" खसखस अफूच्या बोंडातली, म्हणून तिकडे तिचा दाणाही चालत नाही. तेव्हापासून मावशीचा घाणा निराळा आणि खसखशीची बरणी त्या दिवशी कपाटाबाहेरही यायची नाही. सांडलेला दाणा चिकटेल म्हणून आई ओटासुद्धा दोनदा पुसायची.

"तुझी आई ही गोष्ट विसरणारी बाई नाही," अक्का म्हणाली. "कामतांच्या पोराला ती तुरुंगात धाडेल का? मग खसखशीचे अनारसे दुबईला कसे जाणार? नाही जाणार. ते इथंच कुठंतरी जाणार आहेत, आणि ते तिला माहीत आहे. जावयाच्या वाणात खोट नको म्हणून तिनं रवा वापरला नाही. थाप मारली ती तोंडानं मारली, हाताला ती जमली नाही."

"नाही अक्का. आई असं करणार नाही."

"त्या दिवशी डायनिंग टेबलावर फोन घेतलास तेव्हा समोर कोण होतं?"

पोहे वाढणारी आई होती. सुहासच्या घराचं बोलणं रात्री जेवताना झालं होतं, तेव्हाही आईच होती. "घे गं अजून थोडा भात," असं म्हणत तिनं सगळं ऐकून घेतलं होतं. शलाकाला रडू आलं नाही. अंगातून वीज गेल्यासारखी ती उठली, दाराकडे धावली, आणि अक्कानं तिचं मनगट धरलं.

"आत्ता भांडलीस तर तो हातचा जाईल. ऐक. वाण कुणाबरोबर धाडायचं नसतं. सासूनं जावयाला पाटावर बसवायचं, ओवाळायचं आणि स्वतःच्या हातानं द्यायचं. सुचेता ते दुसऱ्याच्या हाती देणार नाही. गुडघ्यांमुळे ती कोपऱ्यावरच्या देवळापलीकडे जात नाही. म्हणजे कोण येणार?"

"तो. इथं."

"तू घरात नसशील तेव्हा. मग आपणच त्याला दिवस नेमून देऊ."

त्या रात्री जेवताना शलाका आयुष्यात पहिल्यांदा आईशी ठरवून खोटं बोलली. "शुक्रवारी दिवसभर कोर्टात आहे गं. तो दुबईत आहे असं प्रतिज्ञापत्र द्यायचंय. नंजप्पाही तिकडेच असेल."

"बरं," आई म्हणाली. "डबा देऊ का?"

घास गिळताना शलाकाला वाटलं, अक्काचं चुकलेलं असू दे. देवा, नवरा नाही सापडला तरी चालेल, पण अक्काचं चुकलेलं असू दे.

५

शुक्रवारी शलाका डबा घेऊन निघाली, कोपऱ्यावरून वळली आणि मागच्या गल्लीतून अक्काच्या घरात शिरली. नंजप्पा आधीच येऊन कॉफी पीत होता. शलाका खिडकीशी जायची, परत यायची, बसायची, उठायची.

"मेडम, कूतकोळ्ळी," नंजप्पा शेवटी म्हणाला. बसा हो! पण बसवतंय कुणाला?

समोर रिक्षा थांबली. टोपी, तोंडाला मास्क, पण ती पोक काढून चालायची ढब दहा वर्षं पाहिलेली. फाटक उघडून क्षितिज सरळ तिच्या माहेरात शिरला. आईनं दार आधीच उघडं धरलं होतं.

अक्काचं चुकलं नव्हतं. शलाका रस्ता ओलांडायला निघाली, मागोमाग अक्का आणि नंजप्पा.

तिनं आपल्या किल्लीनं दार उघडलं. देवघरापुढे पाट, पाटाभोवती रांगोळी. क्षितिज कपाळावर कुंकू लावून बसला होता आणि दोन्ही हातांत तांब्याचं ताट होतं. त्यात अनारसे आणि वर तेवतं निरांजन. सुचेताबाई पदर पुढे घेऊन नमस्काराला वाकल्या होत्या.

"दुबई बरीच जवळ आली म्हणायची," अक्का म्हणाली.

क्षितिज अर्धवट उठला. ताट हललं, ज्योत हलली. "आई, हे घ्या हातातून. मी मागच्या दारानं जातो."

सुचेताबाईंचे हात पुढे झाले.

"आई, थांब!" शलाका किंचाळली. "त्याला जाऊ दिलंस तर माझं मूल जाईल!"

हात तिथल्या तिथं थांबले. "कुठलं मूल?"

"जे मला दत्तक घ्यायचंय. याच्याशी लग्न आहे तोवर मला कुणी बाळ देणार नाही. आणि अजून दोन वर्षं गेली तर तान्हं मिळणारच नाही. मी रोज त्याची वाट बघते आई, आणि तू रोज मला जेवायला वाढून आत जाऊन याला फोन करतेस!"

"मला... मला कुठं माहीत होतं?" सुचेताबाई म्हणाल्या. "क्षितिजराव म्हणाले, सहा महिने सांभाळा, मी तिला मनवतो. मला वाटलं, मी गेल्यावर तुझं कोण? एकटी राहशील या गावात. म्हणून गं."

"एकटी राहू नये म्हणून मला बांधून ठेवलंस?"

सुचेताबाईंनी जावयाकडे वळून विचारलं, "क्षितिजराव, तुम्ही एकदा तरी मनवायला आलात का हिला?"

क्षितिज फणकारून म्हणाला, "मला काय हिच्याशिवाय अडलंय? पण बायकोनं टाकला असं नागपूरभर व्हायला नको. मी सोडीन तेव्हा सोडीन. आणि मी ते समन्स घेणार नाही. बघू काय करता."

नंजप्पा अनुभवी गडी होता. त्यानं लिफाफा पुढे केला, क्षितिजनं मान फिरवली. "सरी," नंजप्पा मोडक्या हिंदीत म्हणाला, "नहीं लिया, ऐसा लिखेगा. हाथ में दिया जैसाच है. साक्षी कौन?"

अक्का चष्मा सावरत पुढे झाली. पण त्याआधी सुचेताबाईंनी नंजप्पाच्या हातातलं पेन घेतलं.

"मी करते सही," त्या म्हणाल्या. "घर माझं, यांना बोलावलं मी. माझ्याइतका पक्का साक्षीदार तुम्हाला कुठं मिळणार?"

"आई!" क्षितिज ओरडला. "तुम्ही पण?"

"वाण दिलंय ते घेऊन जा. दिलेलं मी परत घेत नाही. पण पुन्हा आई म्हणू नका मला."

त्यांनी डोळे बारीक करून, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. मग अक्कानं लिहिलं. क्षितिजनं ताट पाटावर आदळलं, दोन अनारसे घरंगळत जाजमाखाली गेले आणि तो टोपी विसरून निघून गेला. नंजप्पा कागदाची घडी करत, एक अनारसा मागून घेऊन, त्याच्यामागोमाग गेला. अक्काही मुकाट्यानं आपल्या घरी परतली.

मायलेकीच उरल्या. शलाकाला आईच्या गळ्यात पडावंसं वाटत नव्हतं. वर्षभराचा राग एका सहीनं कसा जाईल? ती देवघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. सुचेताबाई गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या आणि रांगोळी पुसू लागल्या. पुसलेली जागाच पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

"शलू," वर न बघता त्यांनी विचारलं, "देतात तेव्हा केवढं असतं गं ते? मान धरतं का?"

शलाका आईशेजारी जमिनीवर बसली आणि तिनं नुसती मान हलवली, हो की नाही ते तिचं तिलाही कळलं नाही.